नाकेबंदीतून निसटणारी जहाजं आणि वऱ्हाडचा कापूस

दिवाळीनंतर कापूस वेचून घरात आला की विदर्भातल्या कुठल्याही गावात पारावर एकच विषय असतो. आता विकायचा की थांबायचं? सरकीला काय भाव, रुईला काय भाव, अमेरिकेत पीक कसं आहे, न्यूयॉर्कचा वायदा कुठे आहे. वर्धा-यवतमाळच्या शेतकऱ्याला अमेरिकेतल्या पिकाची चौकशी करावी लागते, याचं आता कुणालाच नवल वाटत नाही. पण ही गाठ पक्की बसली ती १८६१ ते १८६५ या चार वर्षांत, अमेरिकेच्या यादवी युद्धात. त्या युद्धात रात्रीच्या अंधारात कापूस घेऊन निघणारी आणि बंदुका घेऊन परतणारी व्यापारी जहाजं होती. त्यांनी काय आणलं आणि काय त्यांना नेता आलं नाही, हे समजलं की वऱ्हाडात तेव्हा काय घडलं तेही उमगतं.

आधी युद्ध थोडक्यात. अमेरिकेच्या दक्षिणेतली अकरा राज्यं देशातून फुटली आणि त्यांनी आपलं वेगळं सरकार थाटलं. कारण गुलामगिरी. १८६० च्या जनगणनेत तिथे जवळजवळ ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदलेली होती, बहुतेक सगळी दक्षिणेत, आणि कापसाचे मळे त्यांच्याच राबण्यावर उभे होते. गुलामगिरीच्या विरोधातला लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर हे सगळं हातचं जाईल अशी मळेवाल्यांना धास्ती वाटली.

दक्षिणेकडे कापूस मुबलक होता, कारखाने मात्र नावालाच. मोठ्या तोफा ओतू शकेल असा कारखाना म्हणजे रिचमंड शहरातला ट्रेडेगार, युद्धाच्या सुरुवातीला जवळपास तेवढाच. बंदुकीची दारू करायची तर १०० भागांत ७५ भाग सोरा लागतो, उरलेला कोळसा आणि गंधक. सोऱ्यासाठी तिथल्या लोकांनी गुहांमधली माती खणली, जुन्या घरांखालची आणि तंबाखूच्या कोठारांखालची माती उकरली. अलाबामातल्या सेल्मा गावात तर सरकारी माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की घरोघरच्या बायकांनी रात्रीचं मूत्र साठवून ठेवावं, आमचे पिंपवाले येऊन घेऊन जातील. त्यापासून सोरा करायचा होता. बंदुकीचा बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्यांना तांबं लागतं. तांब्याच्या खाणी हातच्या गेल्यावर सफरचंदाची दारू आणि टर्पेंटाइन गाळायच्या भट्ट्यांची तांब्याची भांडी जप्त करून आणली. हे सगळं जमवणारा शस्त्रखात्याचा प्रमुख जोसाया गॉर्गस फार हिकमती माणूस होता, पण हिकमतीलाही मर्यादा असते. रायफली, शिसं, सोरा, बूट, कांबळी, क्विनाइन हे सगळं बाहेरूनच यायला हवं होतं, आणि बाहेर म्हणजे मुख्यतः इंग्लंड.

लिंकनने नेमका तिथेच हात घातला. १९ एप्रिल १८६१ ला त्याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा सुमारे ३,५०० मैलांचा. नाकेबंदी नुसती कागदावर जाहीर करून चालत नाही; १८५६ मध्ये पॅरिसमध्ये युरोपातल्या राष्ट्रांनी ठरवलं होतं की बंदराच्या तोंडाशी खरोखर अडवतील एवढी जहाजं उभी असली तरच ती बंधनकारक. लिंकनच्या आरमाराकडे सुरुवातीला तेवढी जहाजं नव्हती. म्हणजे पहिल्या वर्षी भिंत बरीच पोकळ होती.

आणि त्याच वर्षी दक्षिणेने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी पाऊण हिश्श्याहून जास्त कापूस अमेरिकेचा असायचा. आपण कापूस रोखला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील, इंग्लंड घाबरून आपल्या बाजूने युद्धात उतरेल, असा हिशोब करून त्यांनी १८६१ चं पीक घरातच दाबून ठेवलं. मागच्या दोन भरघोस हंगामांचा माल इंग्लंडच्या गोदामांत पडून होता, त्यामुळे लगेच कुणी घाबरलं नाही. ज्या काळात कापूस सुखाने बाहेर काढून त्याच्या बदल्यात शस्त्रं भरून घेता आली असती, तो काळ हातून गेला. माझ्या मते या युद्धात दक्षिणेने केलेली ही सगळ्यात महागडी चूक.

मग सुरू झाला चोरवाटेचा व्यापार. याचं गणित समजायला फार अभ्यास लागत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रपटा बुडाला की पलीकडच्या गावात मीठ-तेल महाग होतं आणि तिथलं दूध, भाजी मातीमोल. जो डोंग्यातून पलीकडे जाऊ शकतो तो दोन्ही बाजूंनी कमावतो. इथेही तसंच. दक्षिणेत कापूस पौंडाला सहा-आठ सेंटला मिळायचा. तोच इंग्लंडच्या बाजारात सहा-आठपट भावाला जायचा. परतीच्या खेपेत रायफली, दारूगोळा, औषधं. जितका पहारा कडक, तितका दोन्ही बाजूंच्या भावांमधला फरक मोठा. पहारा माणसांना घाबरवत होता आणि त्याच पहाऱ्यामुळे धंद्यातला नफाही वाढत होता.

प्रवास दोन टप्प्यांत व्हायचा. इंग्लंडहून मोठी साधी जहाजं माल घेऊन बहामा बेटांवरच्या नासाऊला किंवा बर्म्युडाला यायची. ही दोन्ही ठिकाणं इंग्रजांची, म्हणजे तटस्थ. कागदोपत्री एका इंग्रजी बंदरातून दुसऱ्या इंग्रजी बंदरात माल आला, एवढंच. तिथे तो लहान, चपळ जहाजांवर चढवायचा आणि मग शेवटची पाच-सहाशे मैलांची उडी. नासाऊहून नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन सुमारे तीन दिवसांवर. उत्तरेच्या, म्हणजे लिंकनच्या, आरमाराने हा कागदी डाव ओळखला आणि माल शेवटी कुठे जाणार आहे ते बघून दोन तटस्थ बंदरांमधल्या वाटेवरही जहाजं पकडायला सुरुवात केली. 'बर्म्युडा' नावाचं जहाज एप्रिल १८६२ मध्ये असंच पकडलं गेलं आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती पकड योग्य ठरवली. मेक्सिकोतल्या मातामोरोस मार्गेही माल जायचा. तिथून नदी ओलांडली की टेक्सास.

पहिली मोठी सरकारी खेप 'फिंगल' जहाजाने आणली. दक्षिणेच्या आरमाराचा इंग्लंडमधला माणूस जेम्स बुलक स्वतः त्यावर होता. १२ नोव्हेंबर १८६१ ला दाट धुक्यात ते सवाना बंदरात शिरलं. सगळे श्वास रोखून उभे असताना जहाजावरचा कोंबडा आरवायला लागला, तेव्हा त्याची मान मुरगळावी लागली. पोटात दहा हजारांहून जास्त एनफील्ड रायफली आणि लाखो काडतुसं होती. ही रायफल आपल्याला परकी नाही. १८५७ मध्ये ज्या काडतुसांवरून उठाव पेटला, ती याच एनफील्डची.

पुढे या कामासाठी खास जहाजं बांधली जाऊ लागली, बरीचशी स्कॉटलंडमधल्या क्लाइड नदीवर. लांब, अरुंद, पाण्याबाहेर जेमतेम दिसतील इतकी ठेंगणी, दोन्ही अंगाला चाकं, रंग समुद्रावरच्या धुरकट पहाटेसारखा फिकट राखाडी. काहींची धुराडी एकात एक सरकवून बुटकी करता यायची. कोळसा शक्यतो अँथ्रासाइट, कारण त्याचा धूर फारसा दिसत नाही. वाफ सोडायची तीही पाण्याखालून, म्हणजे फुसकारा ऐकू जायला नको.

विल्मिंग्टनच्या तोंडाशी पोचायची ती रात्र कशी असायची, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. अमावस्येच्या आसपासचे दिवस आणि भरतीची वेळ गाठायची. संध्याकाळी जहाज किनाऱ्यापासून दूर थांबवायचं, अंधार पडला की पूर्ण वेगाने निघायचं. सगळे दिवे बंद. विडी ओढायची नाही. इंजिनाच्या खोलीवर ताडपत्री ओढलेली, खाली भट्टीशी माणसं उकडून निघायची. होकायंत्रावरही झाकण, नुसत्या फटीतून सुकाणूवाला बघणार. किनारा सपाट, ओळखीची खूण नाही, म्हणून मधूनमधून जहाज थांबवून शिशाचा लंबक पाण्यात सोडायचा. किती खोल आहे आणि लंबकाच्या बुडाला वाळू लागली की चिखल, यावरून आपण कुठे आहोत हे वाटाड्याने सांगायचं. वाटाड्याचा शब्द कप्तानापेक्षा वर. आजूबाजूला पहारेकऱ्यांची जहाजं काळ्या डागांसारखी उभी. त्यांच्यामधून, कधी कधी दगडफेकीच्या अंतरावरून, कुजबुजत निसटायचं. दिसलात तर आकाशात अग्निबाण उडणार आणि तोफा सुरू. दक्षिणेच्या ताब्यातल्या फिशर किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात शिरलात की सुटलात, कारण पहारेकरी तिथपर्यंत येत नसत.

परतीला कापूस. विल्मिंग्टनला वाफेच्या दाबयंत्रावर गाठी आवळायचे, तळघर गच्च भरलं की डेकवरही थर रचायचे. आपल्याकडे प्रेसमध्ये रुईची गठाण बांधताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली मेहनत सांगायला नको. जहाजावर एकेका वितीची किंमत होती. निघण्याआधी मालाला धुरी देत, कारण सैन्यातून पळालेले लोक गाठींच्या आडोशाला लपून बसत. मागे पाठलाग लागला की आधी डेकवरच्या गाठी समुद्रात ढकलायच्या. त्याने जहाज हलकं होतं, शिवाय पाठलाग करणारे तरंगता कापूस गोळा करायला थांबतात. पकडलेल्या जहाजाचा आणि मालाचा लिलाव होऊन त्यातला मोठा वाटा पकडणाऱ्या खलाशांना मिळायचा, त्यामुळे पलीकडेही उत्साह कमी नव्हता.

पैसा अफाट होता. कप्तानाला एका जाऊन-येऊन फेरीचे १,००० पौंडांपर्यंत मिळत, त्यातले निम्मे आधीच हातात. 'बॅन्शी' नावाचं पोलादी जहाज आठ फेऱ्यांनंतर पकडलं गेलं, तरी मालकांना ७०० टक्के नफा देऊन गेलं. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. वाफेच्या सुमारे ३०० जहाजांनी ही नाकेबंदी फोडायचा प्रयत्न केला. एका जहाजाच्या वाट्याला सरासरी चारच खेपा यायच्या, म्हणजे दोनदा जाणं आणि दोनदा येणं. तेवढ्यात खर्च निघून वर नफा हातात पडत असे, म्हणून माणसं जीव टांगून जात राहिली.

खासगी मालकांना मात्र सैन्याची गरज बघायचं कारण नव्हतं. तोफेचा गोळा जड, नफा कमी. रेशीम, वाइन, अत्तर हलकं आणि नफा भरपूर. उपाशी, अनवाणी सैन्याच्या देशात असा माल उतरत राहिला. शेवटी १८६४ च्या सुरुवातीला सरकारने चैनीच्या वस्तूंवर बंदी घातली आणि प्रत्येक जहाजातली निम्मी जागा सरकारी मालासाठी राखून ठेवायला लावली. त्याने बराच फरक पडला, पण तोवर उशीर झाला होता. उधारीचा मार्गही कापसातूनच काढला होता: १८६३ मध्ये एर्लांगर या बँकेमार्फत ३० लाख पौंडांचे रोखे विकले, त्यावर पैशाऐवजी स्वस्तात कापूस घेण्याची मुभा. कापूस मात्र दक्षिणेत जाऊनच ताब्यात घ्यायचा, नाकेबंदी आपली आपण फोडायची.

या जहाजांच्या धाडसाच्या कथा वाचताना मन रमतं, आणि तिथेच मला थांबावंसं वाटतं. ती गाठ कुणी वेचलेली होती? जिला विकून रायफल आणली ती रायफल कशासाठी चालणार होती? वेचणाऱ्याला गुलाम म्हणूनच ठेवण्यासाठी. अंदाजे चार लाख रायफली, ३० लाख पौंड शिसं आणि २२ लाख पौंडांहून जास्त सोरा या वाटेने आत गेला असं इतिहासकार मांडतात. त्याशिवाय दक्षिणेला चार वर्षं लढता आलं नसतं. म्हणून या काळातल्या धाडसी माणसांमध्ये मला रॉबर्ट स्मॉल्सचं नाव आधी घ्यावंसं वाटतं. हा स्वतः गुलाम, चार्ल्स्टन बंदरात 'प्लँटर' या जहाजाचा वाटाड्या. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना त्याने जहाज सुरू केलं, वाटेत आपल्या आणि सोबत्यांच्या बायकामुलांना चढवून घेतलं, कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली आणि एकेका किल्ल्यासमोरून जाताना शिट्टीचा अगदी बरोबर इशारा देत तोफांसकट ते जहाज उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. तीच नाकेबंदी, तोच अंधार, पण हा माणूस पार झाला तो सुटण्यासाठी.

उत्तरेलाही टंचाई चुकली नव्हती, आणि तिची दोरी तर थेट हिंदुस्थानात होती. जगातला उत्तम सोरा तेव्हा बिहारात निघायचा. तिरहुत, सारणच्या गावांमध्ये नोनिया लोक जुन्या वस्तीची खारी माती धुऊन, उकळून तो काढत. कलकत्त्याहून तो लंडनला जाई. १८६१ च्या शेवटी उत्तरेसाठी बंदुकीची दारू करणाऱ्या ड्यूपाँ कंपनीच्या लामो ड्यूपाँने लंडनच्या बाजारात २,००० टनांच्या वर सोरा गुपचूप विकत घेतला. तेवढ्यात उत्तरेच्या आरमाराने 'ट्रेंट' या इंग्रजी जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील, म्हणजे राजदूत, उचलले, इंग्लंड चिडलं आणि त्याने सोऱ्याची निर्यातच थांबवली. लिंकनने वकील सोडून दिले तेव्हा सोऱ्याची जहाजं सुटली.

आता मूळ गोष्ट. नाकेबंदीतली फट केवढी होती? रायफली आत यायला पुरेशी होती. एका चपळ जहाजात हजारो रायफली बसतात. कापसाचं तसं नाही. तो फुगीर माल. युद्धाआधीच्या तीन वर्षांत दक्षिणेतून सुमारे एक कोटी गाठी बाहेर जात. युद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांत पाच लाखांच्या आसपास. म्हणजे शस्त्रांची किंमत चुकवण्यापुरता कापूस निघाला, लँकेशायरच्या चात्या चालवण्यापुरता नाही. १८६२ संपत आलं तेव्हा तिथे सुमारे पाच लाख माणसं मदतीच्या अन्नावर जगत होती. लिव्हरपूलला पौंडाला सहा-सात पेन्सांनी मिळणारा अमेरिकन कापूस १८६४ च्या उन्हाळ्यात ३० पेन्सांच्या घरात गेला. मधली पोकळी भरायला इजिप्त आणि हिंदुस्थान पुढे आले, आणि हिंदुस्थान म्हणताना आपल्याला वऱ्हाड आणि वर्धेचं खोरं डोळ्यांपुढे आणायला हवं. हिंदुस्थानातून इंग्लंडला १८६० मध्ये साधारण साडेपाच लाख गाठी गेल्या होत्या. १८६६ मध्ये १८ लाखांच्या वर.

वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं. इथला माल लिव्हरपूलच्या भावपत्रकात उमरावती आणि हिंगणघाट या नावांनी लागायचा. त्यातल्या हिंगणघाटच्या मालाला जरा मान होता, धागा लांब म्हणून. बाकी मुंबईहून जाणारा सगळा कापूस सरसकट 'सुरती' आणि बदनाम: आखूड धागा, कचरा, सरकी, वर वजनाला पाणी आणि माती. लँकेशायरचे मजूर प्रार्थनेत 'देवा, कापूस पाठव, पण सुरती नको' म्हणत, असं सांगतात. भेसळ इतकी वाढली की मुंबई सरकारला १८६३ मध्ये खास कायदा करावा लागला. ती भेसळ सगळी शेतकऱ्याची नव्हती. शेतातून जहाजापर्यंत माल चार-पाच हातांतून जायचा.

आणि वाट केवढी! रेल्वे अजून आली नव्हती. बंड्यांच्या रांगा आणि लमाणांचे लादणीचे बैल, याच जोरावर माल घाटाकडे सरकायचा. पाऊस लागला की काळ्या मातीत चाक रुतून बसायचं. थळ घाटातला लोहमार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि रूळ नागपूरला पोचले १८६७ मध्ये, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. लिव्हरपूलच्या भावातला वाटा मधल्या हातांनीच जास्त खाल्ला, त्यात या वाटेचा मोठा भाग होता. दुसरा भाग सावकाराचा: पऱ्हाटी शेतात उभी असतानाच ज्याचा कापूस लिहून घेतला गेला, त्याला तेजीचा भाव कुठून मिळणार? तरीही पैसा खेळला. ज्वारीच्या रानात कापूस शिरू लागला.

मुंबईत तर पैशाचा पूर आला. कापसाचे बडे व्यापारी आणि सट्टेवाले प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचं नाव. मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून झाला. रोज नवी बँक, समुद्र हटवून जमीन काढणारी नवी कंपनी, आणि त्यांच्या शेअरवर सट्टा. हा सगळा डोलारा उभा होता तो अमेरिकेत युद्ध चालू राहील या एका गृहीतावर.

१५ जानेवारी १८६५ ला फिशर किल्ला पडला आणि विल्मिंग्टनची वाट बंद झाली. ९ एप्रिलला दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ ला मुंबईत वायद्यांचे पैसे चुकते करायची तारीख होती. त्या दिवशी घराणीच्या घराणी बुडाली. गावात हीच मंदी अधिक हळू आणि अधिक दिवस टिकून आली. भाव गेला, कर्ज राहिलं, आणि कापसाखाली आलेली जमीन बहुतांश कापसाखालीच राहिली. शेतसारा आणि सावकार दोन्ही रोख मागत, रोख पैसा देणारं पीक तेच.

सरकारने १८६६ मध्ये मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस कमिशनर नेमला, रिव्हेट-कार्नॅक नावाचा. १८७० मध्ये खामगावपर्यंत लोहमार्गाचा फाटा आला, युरोपातल्या खरेदीदार कंपन्या थेट आपल्या बाजारपेठांत येऊन बसल्या, दाबयंत्रं उभी राहिली. लांब धाग्याची बनी जात सांभाळा, असा अधिकाऱ्यांचा आग्रह चालू होता. पण बाजारात बनी आणि आखूड धाग्याची जरी एकत्रच मिसळली जायची आणि चांगल्या धाग्याचा वेगळा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडायचा नाही. जरी काटक होती, उतारा जास्त द्यायची. शेतकऱ्यांनी जरी पेरली, आणि ज्या बनीसाठी हिंगणघाटचं नाव लिव्हरपूलला माहीत झालं होतं ती पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत वऱ्हाडातून जवळपास दिसेनाशी झाली.